काचेला साबण

दादाने व्हिडिओ पाठवला तेव्हा बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. बाबांच्या फोटोसमोर लोखंडी कठड्यावर एक मोठा काळा-पांढरा धनेश बसला आहे. मान वाकडी करून तो फोटोकडे बघतो आणि चोच आपटतो. पुन्हा बघतो, पुन्हा आपटतो. मग फ्रेमच्या मागे डोकावतो, आतला माणूस तिकडून निघून तर गेला नाही ना, हे तपासल्यासारखा. खाली दादाने लिहिलं होतं, ‘माणसं विसरतात, पक्षी विसरत नाहीत.’

माणसं म्हणजे मी. आमच्या घरात टोमणे नेहमी अनेकवचनात मारतात.

व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पहिल्या दोन्ही वेळा मलाही ते खरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्यांदा फोटोपेक्षा त्याच्यावरची काच जास्त दिसू लागली. चौथ्यांदा शेवटची पाच सेकंदं थांबवून थांबवून पाहिली. शेवटी पक्षी फोटो सोडून बाजूच्या मोठ्या तावदानावर धडक मारत होता. त्या तावदानात बाबा नव्हते. तिथे दुसरा धनेश होता, कारण तावदान लख्ख पुसलेलं होतं.

या दिवसांत ते लख्ख असायला नको होतं.

बाबा एका प्राणिसंग्रहालयात बावीस वर्षं पक्ष्यांचे कीपर होते. त्यांचा विभाग म्हणजे काचेच्या छताखाली उभं केलेलं जंगल. तिथले लोक त्याला रानघर म्हणायचे. आत बारा महिने दमट उष्मा, ठरल्या वेळी नळ्यांतून पडणारा पाऊस, झाडांतली निम्मी खरी आणि निम्मी सिमेंटची. पक्षी मात्र सगळे खरे. त्यांची मूळ जंगलं लांब होती आणि दरवर्षी आकसत होती. बाबांना त्यावर भाषण करता यायचं नाही. ते एवढंच म्हणायचे की आपण दुसऱ्याची पोरं सांभाळतोय, त्यांचं घर शाबूत राहिलं तर परत द्यायची आहेत.

धनेशाच्या जोडीत त्यांचा सगळा जीव होता. हा पक्षी ढोलीत घरटं करतो. मादी आत शिरते आणि चिखल आणि विष्ठा लिंपून दार बुजवून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवून. आत ती पिसं गाळते, अंडं घालते, पिल्लू वाढवते, आणि तेवढे महिने नर फटीतून तिला भरवतो. त्याने पाठ फिरवली की आतलं सगळं संपलं. अशा ढोल्या जुन्या, दांडग्या झाडांतच असतात, आणि जंगलात नेमकी तीच झाडं आधी तोडली जातात. म्हणून रानघरात एक पोकळ खोड भिंतीला उभं बांधलं होतं. त्यातून बाबांच्या काळात चार पिल्लं निघाली, आणि चारही जंगलात सोडायला गेली. अट एकच होती, पिल्लू आईबापांनीच वाढवलेलं हवं. माणसाच्या हातचा घास खाल्लेलं पिल्लू जंगलातही माणसालाच शोधतं. मग त्याला आयुष्यभर काचेआडच ठेवावं लागतं.

नराला बाबा जावईबापू म्हणायचे. आधीचा नर मेल्यावर तो सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या संग्रहालयातून आला होता आणि आल्या दिवसापासून रुसलेला असायचा. पपई कच्ची निघाली की रुसायचा, पाऊस दोन मिनिटं उशिरा आला की रुसायचा. मादीचं नाव ‘आतली’. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी आई सगळ्यांसमोर म्हणाली होती की मुलीला जावई टिकवता आला नाही, म्हणून बापाने पक्ष्यांतला आणला. बाबा हसले होते. त्या हसण्याचा राग मी सहा वर्षं धरला. शेवटी शेवटी आम्ही फोनवर फक्त रक्तदाबाबद्दल बोलायचो.

साबणाचं मला माहीत होतं, कारण बाबांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तो मीही लावला होता. मी बारा वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती. प्रेक्षकांची गॅलरी अंधारी ठेवतात आणि आत भरपूर उजेड असतो, त्यामुळे आतून बघणाऱ्याला प्रत्येक तावदान म्हणजे आरसा. मादी खोडात शिरली की बाबा धुण्याच्या साबणाची वडी भिजवून घट्ट खळ करायचे आणि घरट्यासमोरची तावदानं आतून आंधळी करून टाकायचे. खालची रांग माझी, वरची त्यांची. कशासाठी, असं मी विचारलं.

“त्याला आपलंच थोबाड दिसतं आणि वाटतं, कोणी दुसरा आलाय. मग बायकोपोरं सोडून दिवसभर त्याच्याशी भांडत बसतो.”

मग त्याला समजावून सांगा ना, असं मी म्हणाले.

“समजावून कळत असतं तर आधी तुझ्या आईला नसतं समजावलं?”

हे कारण त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नसावं. बाबा कुठलीही गोष्ट एकदाच सांगायचे, आणि ती बहुधा ज्याला उपयोग नाही अशा माणसाला.

व्हिडिओ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, मी रानघराच्या मागच्या दाराशी गेले. दार चिमट्याने उघडलं. चिमटा म्हणजे बाबांच्या हाताखालचा कीपर, पन्नाशीचा, किडे उचलायचा चिमटा कायम वरच्या खिशात. नऊ वर्षांत तो मला तिसऱ्यांदा पाहत होता, आणि खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत होता. फोटो बघायचा असेल तर दहा वाजता पुढच्या दाराने या, रांग असते, असं त्याने सांगितलं. मी फोटोसाठी आले नाही म्हटल्यावर तो दारात आणखी आडवा झाला.

नर आतलीला दिवसातून किती वेळा भरवतो, असं मी विचारलं. हे विचारणारी मी कोण, असं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण उत्तर दिलं. आधी पंधरा-वीस वेळा. आता दोनदा, काल एकदाच. त्याचं अन्नावरून मन उडालंय, दिवसभर फोटोपाशी बसतो. डॉक्टरही म्हणाले, दुःखच आहे. सोमवारी खोड उघडणार आहेत.

काचा कोणी पुसल्या, असं मी विचारलं.

“मी,” तो म्हणाला. “दोन दिवस घासल्या. एक डाग ठेवला नाही. त्यांचा फोटो लावायचा होता, लोक येणार होते. तुम्ही कुठे होतात?”

मी बाबांचं कपाट आवरत होते, एकटी. ते सांगितलं नाही. साबणाचं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. साबण पाहुण्यांसाठी असतो, म्हणाला, त्यांनी काचेवर टकटक करून मादीला घाबरवू नये म्हणून. या वेळी त्याऐवजी ‘टकटक करू नका’ अशी पाटी लावली होती. नऊ वर्षं तो स्वतःच्या हाताने साबण लावत आला होता. आरशाबिरशाचं नाव बाबांनी कधी काढलं नव्हतं.

“मला नाही सांगितलं,” तो म्हणाला, “आणि तुम्हाला सांगितलं?”

त्याच्या आवाजातला राग मला ओळखीचा वाटला. त्याच्या वाट्याला बाबांची रोजची नऊ वर्षं आली होती, आणि त्याबद्दल मीही त्याला पाण्यात पाहत होते.

त्याने मला आत घेतलं ते मला खोटं पाडायला. दारातून शिरताच चष्मा वाफेने पांढरा झाला. जिना चढून आम्ही वरच्या लोखंडी सज्जावर आलो. एका बाजूला गॅलरीची तावदानं, त्यांच्या मधल्या खांबावर, गॅलरीतूनही दिसावा असा तिरका लावलेला बाबांचा फोटो, आणि समोरच्या भिंतीला, पानांतून अर्धवट दिसणारं, बुजवलेलं खोड. जावईबापू कठड्यावर होता. मान फुगवलेली, पंख किंचित सोडलेले, चोचीचं टोक झिजून पांढरं पडलेलं. तो फोटोवर चोच हाणत होता, आणि जवळून त्या आवाजात दुःखासारखं काही नव्हतं. दाराला लाथा मारणाऱ्या माणसासारखा आवाज होता तो.

मी अंगातला कोट काढून फोटोवर टाकला. पक्षी थांबला, दोन पावलं मागे सरला, खांबाच्या मागे डोकावला. मग उडून शेजारच्या तावदानापाशी बसला आणि तिथे सुरू झाला. मी पुढे काही दाखवायच्या आत चिमटा जिना उतरून खोडाखाली जाऊन उभा राहिला होता. चांगलं खाणाऱ्या घरट्याखाली नेहमी घाण असते. मादी फटीतून बाहेर टाकते ती विष्ठा, फळांच्या बिया. खालचं सिमेंट कोरडं होतं. वाळून भुकटी झालेल्या बिया तेवढ्या कोपऱ्यात होत्या.

चिमटा वाकला, दोन बिया बोटांनी चुरल्या आणि तसाच खाली बसला. वर आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, बाईंना विचारावं लागेल.

संचालक बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. त्या हुशार होत्या, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलत होत्या. त्यांचं म्हणणं असं की वीस वर्षं या पक्ष्याची माहिती देणारा फलक त्या गॅलरीत आहे आणि कोणी ढुंकून बघत नाही. तुमच्या भावाचा हा व्हिडिओ पसरला आणि दोन दिवसांत शाळाशाळांतून पत्रं आली, हा पक्षी कुठला, त्याचं जंगल कुठे आहे, उरलंय किती. माणसाला माया वाटल्याशिवाय तो एक झाडही वाचवत नाही. रविवारी कार्यक्रम आहे. सोमवारी डॉक्टर पिल्लू बाहेर काढतील, हाताने वाढवतील, त्याला तुमच्या वडिलांचं नाव देऊ.

ते पिल्लू मग जंगलात जाणार नाही, असं चिमटा म्हणाला. नाही गेलं तर मुलांना जवळून बघता येईल, असं बाई म्हणाल्या. सोमवारपर्यंत ते जगणारच नाही, असं मी म्हणाले.

“लोक एका पक्ष्याच्या दुःखाने रडतायत,” बाई म्हणाल्या. “ते त्यांच्याकडून काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार?”

“पक्ष्याला दुःख झालेलं नाही. झालंय ते आम्हाला, आणि ते तुम्हाला वापरायला दिलेलं नाही.”

बाईंच्या कपाळावर एक आठी चढली आणि उतरली. फोटो तुमच्या आईने दिला आहे, त्या म्हणाल्या. त्यांनी काढा म्हटलं तर मी काढते, काचेलाही मग काय लावायचं ते लावा. आई कुठे भेटेल हे त्यांना माहीत होतं. ती रोज दहाला येते, पुढच्या बाकावर बसते.

गॅलरीत अजून गर्दी नव्हती. आई बाकावर बसली होती, बाबांचा तपकिरी स्वेटर घालून, बाह्या दोनदा दुमडलेल्या. ती काचेपलीकडे चोच आपटणाऱ्या पक्ष्याशी हळू आवाजात बोलत होती. बाबांशी तिला इतक्या हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं. दादा मागे उभा राहून शूटिंग करत होता.

मी सगळं सांगितलं. साबण, आरसा, कोरडं सिमेंट. दादाने मधेच तोडलं, म्हणाला, इतके दिवस इकडे फिरकली नाहीस आणि आज एकदम पक्षीतज्ज्ञ? आईने त्याला हाताने गप्प केलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“तू त्यांच्यासाठी रडली नाहीस,” ती म्हणाली. “तो रडतोय, तेही तुला बघवत नाही.”

“तो रडत नाहीये, आई. भांडतोय. बायको आत उपाशी आहे त्याची.”

“उपाशी कोण होतं ते मला नको सांगूस. बावीस वर्षं तुझा बाप इथे होता आणि मी घरात. घरी यायचा तो झोपायला. आता हा मुका जीव मला सांगतोय की त्या माणसात जीव लावण्यासारखं काहीतरी होतं. तेवढं मला मिळू दे.” तिने स्वेटरची बाही ओढून घेतली. “फोटो हलणार नाही.”

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले, तिने खांदा काढून घेतला.

मागच्या दाराशी आले तर चिमटा बादली घेऊन उभा होता. साबण भिजवून झाला होता, हातात दोन स्पंज. आईचं काय झालं, हे त्याने विचारलं नाही. माझ्या तोंडावरून कळलं असेल.

“खालची रांग तुम्ही घ्या,” तो म्हणाला. “माझे गुडघे गेलेत.”

आम्ही आत शिरलो आणि त्याने दाराला आतून कडी घातली. नोकरी गेली तर माझ्या दुःखाचाही एक व्हिडिओ काढायला सांगा तुमच्या भावाला, असं पुटपुटला. आम्ही दोघंही हसलो नाही.

खळ गार आणि घट्ट होती. आम्ही डावीकडून सुरुवात केली. उजेडातून अंधारात पाहायचं तर काचेला नाक लावावं लागतं, आणि मी तेवढी जवळ होते. तावदानामागून तावदान पांढरं होत गेलं. एका तावदानात दादा हातवारे करत होता, तो गेला. पुढच्यात संचालक बाई फोन कानाला लावून भराभर येत होत्या, त्याही गेल्या. मागच्या दारावर कोणीतरी थाडथाड वाजवू लागलं. आईच्या समोरच्या तावदानापाशी पोचले तेव्हा ती उठून काचेपर्यंत आली होती. आमच्यात एक बोट अंतर होतं. मी खालून वर स्पंज फिरवला. आधी स्वेटर गेला, मग गळा, मग तोंड.

राहिला फोटो. हलणार नाही, असं ती म्हणाली होती, म्हणून मी तो हलवला नाही. कोट काढून घेतला आणि तिथल्या तिथे त्याच्या काचेला साबण लावला. कपाळ आधी झाकलं. डोळ्यांपाशी हात जरा थांबला, कारण फोटोत ते माझ्याकडे बघत नव्हते, बाजूला कुठेतरी, बहुधा एखाद्या पक्ष्याकडे बघत होते. मग तेही पांढरे केले.

आम्ही सज्जाच्या टोकाला रुंद पानांच्या झुडपामागे जाऊन बसलो. दारावरचे धक्के थांबले होते. बहुधा कोणीतरी किल्ली शोधायला गेलं होतं, पण कडी आतून होती. जावईबापू छताजवळच्या फांदीवरून खाली आला. तावदानापुढे बसला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. एकदा चोच हाणली. चोचीला साबण लागला, तो त्याने कठड्यावर घासून घासून पुसला. फोटोपाशी गेला. खांबाच्या मागे डोकावला. मग बराच वेळ काहीच न करता बसून राहिला. शत्रू अचानक घर सोडून गेला की माणूसही असाच बसतो.

पाऊण तास झाला असेल. नळ्यांतून पाऊस पडून गेला, आम्ही भिजलो, हललो नाही. चिमट्याने खिशातला चिमटा मुठीत आवळून धरला होता.

मग जावईबापू वाटीपाशी उतरला. एक अंजीर उचललं, हवेत उडवून गळ्यात घेतलं, आणखी एक घेतलं, आणि खोडावर जाऊन चिकटला. अंजीर चोचीच्या टोकाशी आणून त्याने फटीत धरलं. आतून काही आलं नाही. तो थांबला. फळ परत गिळलं, पुन्हा वर आणलं, पुन्हा धरलं.

“गेली,” चिमटा ओठातल्या ओठात म्हणाला.

फटीत काहीतरी फिकट हललं. चोचीचं टोक, तेवढंच. अंजीर गेलं. त्याने दुसरं धरलं आणि तेही गेलं. तो वाटीकडे आला, पपई घेऊन परत फिरला, आणि तो खोडाला टेकताच आतून एक बारीक, चिरका, अतिशय चिडलेला आवाज आला. पिल्लाचा. चिमट्याने तोंड गुडघ्यांत घातलं. त्याचे खांदे हलत होते, त्याकडे मी बघितलं नाही.

तेव्हा समोरच्या तावदानावर सावली दिसली. साबणापलीकडे कोणीतरी काच पुसत होतं. तपकिरी रंगाचा एक गोळा, स्वेटरची बाही, वर-खाली, वर-खाली. ती जोर लावून पुसत होती, जागा बदलत होती, पुन्हा पुसत होती. साबण आतून लावलेला होता.

उठून जावं, कडी काढावी, तिला सांगावं की ती जगली, पिल्लूही आहे, ये, आवाज ऐक. एवढं तर करायलाच हवं होतं. पण मी हलले असते तर जावईबापू घास टाकून उडाला असता, आणि पुन्हा कधी उतरला असता कोण जाणे. त्याने त्या सावलीकडे एकदा मान वळवून पाहिलं. त्याच्या जातीचं काही दिसलं नाही तसा तो वाटीकडे गेला. मी बसून राहिले. बाही जरा थांबली, मग शेजारच्या तावदानावर गेली आणि तिथे पुसू लागली.